ड्रॉइंगच्या सरांच्या गावी चार दिवस

वाईच्या शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली, गॅदरिंगचे पडदे रंगवले, आणि दहावीचा पोर्शन मागे राहिला की माझा तास गणिताच्या सरांना देऊन टाकला. निवृत्तीनंतर मँचेस्टरला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड चित्रसंग्रह हाती लागला. काळे-करडे डोंगर, थापून लावल्यासारखा रंग, आणि कड्याच्या धारेवरून ओढलेली काळीभोर रेघ. पांडवगड पावसाळ्यात दिसतो तसं काहीतरी. मागच्या पानावर माहिती होती. किफिन विल्यम्स, जन्म १९१८, वेल्समधलं अँगलसी बेट. लंडनच्या हायगेट शाळेत १९४४ ते १९७३ चित्रकला शिक्षक.

ती ओळ मी पुन्हा वाचली. वेल्समध्ये घरोघरी ज्यांच्या डोंगरांची चित्रं लावतात, ज्यांना १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या मानाच्या संस्थेनं आपल्यात घेतलं आणि १९९९ मध्ये सर हा किताब मिळाला, तो माणूस २९ वर्षं शाळेत ड्रॉइंगचा तास घेत होता. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात विल्यम्स सर म्हणायला लागले. किताब होता म्हणून नाही, आपल्याकडे मुलं म्हणतात तसं.

यंदा ऑक्टोबरात लेकीनं विचारलं, "आई, या वेळी कुठं जायचं ते तूच सांग." मी म्हटलं, सरांच्या गावी.

पहिला दिवस : मँचेस्टर ते लानगेव्नी

लेक, जावई आणि मी सकाळी आठला निघालो. चेस्टर मागे पडलं की डावीकडे डोंगर आणि उजवीकडे समुद्र असा रस्ता सुरू होतो. बोगदे, किल्ले, मेंढ्या. पाट्या आधी वेल्शमध्ये, खाली इंग्रजी. रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'अराव' लिहिलेलं दिसतं, म्हणजे सावकाश. दिवसभरात आम्ही तिघंही एकमेकांना अराव, अराव म्हणायला लागलो.

मेनाईची खाडी ओलांडली की अँगलसी. वेल्शमध्ये याला इनिस मोन म्हणतात. मला वाटत होतं, डोंगर रंगवणाऱ्याचं गाव म्हणजे डोंगरातच असणार. प्रत्यक्षात बेट जवळजवळ सपाट आहे. शेतं, दगडी बांध, वाऱ्यानं एका बाजूला कललेली झाडं. डोंगर आहेत ते खाडीच्या पलीकडे, मुख्य भूमीवर, आडव्या रांगेत उभे. सरांनी जन्मभर जे रंगवलं ते असं समोरच्या तीरावर होतं. नकाशात हे पाहिलं होतं, पण पूल ओलांडून मागे वळून बघेपर्यंत ते डोक्यात शिरलं नव्हतं.

लानगेव्नी हे त्यांचं जन्मगाव, बेटाच्या मधोमध. तिथे ओरिएल इनिस मोन नावाचं संग्रहालय आहे. 'ओरिएल' म्हणजे कलादालन. १९९१ मध्ये ते सुरू झालं आणि सर गेल्यानंतर, २००८ मध्ये, खास त्यांच्या चित्रांसाठी वेगळं दालन जोडलं गेलं. आत शिरल्या शिरल्या मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, किफिन विल्यम्स यांची चित्रं कुठे? त्या हसल्या आणि मला वाईट वाटणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "कफिन. आम्ही कफिन म्हणतो." मग लानगेव्नीतला 'लान' कसा म्हणायचा तेही शिकवलं. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. आपल्या 'ळ'शी त्याचं काही नातं नाही. तरी 'ळ' म्हणू शकणारी माणसं लवकर शिकतात, असं मला वाटलं. लेकीला नाही जमलं, मला तिसऱ्या खेपेला जमलं.

आता चित्रांविषयी. छापील पुस्तकात जे दिसतं ते निम्मंसुद्धा नाही. एका मध्यम आकाराच्या कॅनव्हासपुढे मी अर्धा तास उभी होते. डोंगराच्या पायथ्याला एक पांढरं घर. त्या घराची भिंत म्हणजे नाइफचा एकच फटका. रंग भरलेली सुरी डावीकडून उजवीकडे एकदा ओढली आणि उचलली. जिथे उचलली तिथे रंगाला पातळ ओठ फुटलाय, आणि वरच्या दिव्याची सावली त्या ओठाखाली पडते. म्हणजे भिंतीच्या कडेची सावली रंगवलेलीच नाही, रंगाच्या जाडीनंच ती पाडली. आभाळाचे फटके आडवे, डोंगराचे तिरपे, आणि दोन फटके जिथे भेटतात तिथे बारीक फटीतून खालचा गडद रंग डोकावतो. मी मुलांना नाइफ पेंटिंग शिकवलं होतं, पण पोस्टर कलरमध्ये कॉर्नफ्लोअर कालवून. तेलरंग परवडत नसत. त्या फटीपाशी डोळे नेले तेव्हा इतक्या वर्षांत आपण काय सांगायचं राहून गेलं ते लक्षात आलं. सुरीनं रंग लावायचा असतो तितकाच थांबवायचाही असतो.

रंग मोजकेच. करडा, काळा, एक कडवट हिरवा, गेरूच्या जवळ जाणारा तपकिरी, आणि पांढरा. ऊन जवळपास नाहीच. मी वहीत लिहून घेतलं : 'हिरवा खरा की मनाचा? डोंगरात गेल्यावर बघणे.'

तिथेच चार्ल्स टनिक्लिफ या पक्षीचित्रकाराचाही मोठा संग्रह आहे. ते १९४७ पासून १९७९ मध्ये जाईपर्यंत याच बेटावर, मालट्राइथ गावी राहिले. मेलेले पक्षी कोणी आणून दिले की ते त्यांचं पिसान् पीस मोजून, अगदी मूळ मापात कागदावर उतरवत. पुढे हा संग्रह बेटाच्या कौन्सिलनं विकत घेऊन इथेच राखला, आणि या संग्रहालयाचं मूळ त्यातच आहे. चित्रकला शिकणारं मूल बरोबर असेल तर त्याला आधी हे पक्षी दाखवा.

जाणाऱ्यांसाठी : आम्हाला तिकीट लागलं नाही. सरांची चित्रं आलटून पालटून लावतात, त्यामुळे ठरावीक चित्रच बघायचं असेल तर आधी फोन करून विचारा. खाली छोटं उपाहारगृह आहे. तिथे बारा ब्रीथ मिळतो, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुका घातलेला गोडसर पाव. लोणी लावून देतात. जाड काप घ्या.

दुसरा दिवस : खाडीच्या काठाने

रात्रभर पाऊस. सकाळी घरमालकीणबाईंनी अंडी, टोस्ट आणि भाजलेले मश्रूम वाढता वाढता विचारलं, इकडे कशा आलात? मी कारण सांगितल्यावर त्या जेवणघराच्या भिंतीकडे बोट दाखवून नुसत्या थांबल्या. तिथे सरांच्या चित्राची छापील प्रत होती. दोन मेंढपाळ, एक कुत्रा, मागे डोंगर. मी काल रात्री अंधारात त्याच्याखालीच बसून सूप प्यायले होते.

नाश्ता करताना लेकीला त्यांची गोष्ट सांगितली. वडील बँकेत मॅनेजर. शिकून झाल्यावर जमिनीच्या व्यवहारांच्या कचेरीत उमेदवारी, मग सैन्य. पण फिट येऊ लागल्या आणि १९४१ मध्ये लष्करानं घरी पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सुचवलं की तब्येतीच्या दृष्टीनं चित्रकला करून बघा. म्हणजे कलेची ओढ म्हणून नाही, औषध म्हणून. स्लेड ही लंडनची नामांकित कलाशाळा युद्धामुळे ऑक्सफर्डला हलवली होती, तिथे ते गेले. तिथेच पिएरो देला फ्रांचेस्का या जुन्या इटालियन चित्रकाराच्या 'पुनरुत्थान' या चित्राची छापील प्रत बघताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चित्र म्हणजे नुसतं दिसणं उतरवणं नव्हे हे कळलं.

मला आमच्या आठवीतला एक मुलगा आठवत होता. त्याला फिट यायच्या. घरच्यांनी सहल बंद केली, पोहणं बंद केलं, नदीवर जाणं बंद केलं. चित्रकलेचा तास तेवढा उरला. हात फार चांगला होता त्याचा. कृष्णेचा घाट त्यानं काढला तर पायऱ्या मोजता यायच्या. नववीत शाळा सुटली. ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक असती तर मी त्याच्या वडिलांना जाऊन सांगितली असती. लेक काही बोलली नाही, तिनं माझ्या कपात चहा ओतला.

दहा वाजता पाऊस उघडला आणि आम्ही पूलवानोगलला गेलो. लानवाइरपूल या गावाच्या खाली, अरुंद उताराच्या वाटेनं गेलं की खाडीचं एक छोटं तोंड लागतं. शाळा सोडल्यावर, १९७४ पासून शेवटपर्यंत, सर इथे पाण्याला लागून असलेल्या घरात राहिले. जागा अँगलसीच्या मार्क्विसांच्या, म्हणजे तिथल्या सरदारांच्या मालकीची, सर भाडेकरू. आज ते घर खासगी आहे, तेव्हा दाराशी जाऊ नका, फोटो काढू नका. काठावर उभं राहिलात तरी पुरे. ओहोटी होती. चिखलात बगळ्यासारखे पांढरे पक्षी, शेवाळाचा वास, वर वर सरकत जाणारं ढगांचं पांघरूण. लंडनला असताना ते सुट्टी लागली की वेल्सला येत, डोंगरात बसून शाईनं, वॉशनं रेखाटनं करत, आणि तेलरंगातली चित्रं मात्र घरी जाऊन करत. म्हणजे जे डोंगर जगानं पाहिले त्यातले कितीतरी लंडनच्या एका खोलीत, शाळा सुटल्यावर रंगवलेले. बेटावर परत आल्यावर त्यांना रोज सकाळी दार उघडलं की हे पाणी दिसत असेल.

मी चित्र काढायला बसले. हे असं चित्र काढत बसणं कुणाला खोळंबा वाटेल, पण जावयांनी स्वतःहून गाडीतून घडीची खुर्ची आणून मांडली. "आई, तुमचं होईपर्यंत आम्ही चालून येतो."

दुपारी लानवाइरपूलच्या लांबलचक नावाच्या स्टेशनावर गेलो. ५८ अक्षरांची पाटी आहे, सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. शेजारच्या प्लास न्यूइड या हवेलीत रेक्स व्हिसलर यांनी १९३० च्या दशकात रंगवलेलं भिंतभर चित्र आहे. देखणं आहे, पण सरांच्या डोंगरांनंतर मला ते फार गोड वाटलं. ज्यांना इटालियन बंदरं आणि निळं आभाळ आवडतं त्यांनी जरूर बघावं.

संध्याकाळी मेनाईचे शिंपले खाल्ले, कोकणात शिणाणे म्हणतात त्या जातीचे. लीक या कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या रश्श्यात, वर अजमोद. लेक म्हणाली, यात थोडं तिरफळ हवं होतं. मला तसेच आवडले.

तिसरा दिवस : क्वम इडवाल

आज डोंगर. 'क्वम' म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. बेथेस्डा हे स्लेटच्या खाणींचं गाव मागे टाकलं की नांट फ्रांकन ही रुंद, हिमनदीनं घासून काढलेली दरी सुरू होते, आणि वरच्या टोकाला ओग्वेन तळ्यापाशी गाडी लावायची. गाडीतळ लवकर भरतो. आम्ही साडेआठला पोचलो तेव्हा मोजून चार जागा होत्या.

शेजारचा ट्रीवान ९१७ मीटरचा. म्हणजे पाचगणीपेक्षा बुटका. पण त्याच्या पायथ्याशी उभं राहून हे मनात येत नाही. सगळा उघडा कातळ, झाड नाही, आणि तो रस्त्यातूनच उभा राहतो.

इडवाल तळ्यापर्यंत दगडी फरसबंद वाट आहे. माझ्या गुडघ्यांना पाऊण तास लागला. वाटेत पाऊस सुरू झाला. वाई-महाबळेश्वरच्या माणसाला पाऊस काय सांगायचा असं मला वाटत होतं, पण आमचा पाऊस वरून पडतो. हा आडवा येतो आणि कानात जातो. तळ्याच्या काठी पोचलो तर समोर काहीच नव्हतं. पांढरं. पाण्याच्या कडेचे दहा-बारा दगड आणि त्यापुढे काही नाही.

एका मोठ्या दगडाच्या आडोशाला थर्मासमधला चहा घेत बसलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ आधीच बसले होते, गुडघ्यापर्यंत बूट, हातात सँडविच. त्यांनी तळ्याकडे बघतच सांगितलं की चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये इथे आले होते, दगडांत जीवाश्म शोधत हिंडले, आणि हिमनदीच्या खुणा चहूकडे असूनही त्यांना एकही दिसली नाही. ११ वर्षांनी पुन्हा आले तेव्हा सगळ्या दिसल्या. "घाई करू नका, पंधरा मिनिटं थांबा," म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. मग कोणी ओला पडदा ओढावा तसे ढग उजवीकडे सरकले आणि मागची भिंत दिसली. पूर्ण नाही. टूल डी नावाची मोठी काळी चीर, तिच्या दोन्ही अंगांचे कडे, आणि धारांवर पाणी धरलेलं असल्यामुळे त्या धारा काळ्या. रेघेसारख्या काळ्या. मधल्या उतारावर तोच हिरवा होता. पिवळट, कडवट, काळ्यात बुडालेला. लेकीला म्हटलं, वही काढ, परवाचं पान काढ. तिनं माझ्याच अक्षरातला प्रश्न वाचला आणि मला पेन दिलं. मी पुढे लिहिलं : 'खरा.'

मोजून पाच-सहा मिनिटं ते दिसलं. तेवढ्यात मी दोन रेखाटनं केली. दुसऱ्यावर पाऊस पडला आणि शाई पसरली, तरी ते पहिल्यापेक्षा चांगलं आहे.

रात्री खोलीत छोट्या जलरंगाच्या पेटीतून तो हिरवा मिसळून पाहिला. रॉ अंबरमध्ये लेमन यलो, त्यात काळ्याचा अगदी थेंब, आणि शेवटी जरासा प्रशियन ब्लू. निळा आधी घातला तर रंग थंड पडतो. चार वेळा केल्यावर जवळपास जमला. आपल्याकडे श्रावणात पसरणीच्या घाटात ऊन गेल्यावर गवत असं होतं, पण आम्ही पेटीतला सॅप ग्रीन थेट लावत आलो, आणि मीही मुलांना तेच शिकवलं.

जाणाऱ्यांसाठी : छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. वॉटरप्रूफ पँटसुद्धा लागते, नुसतं जॅकेट पुरत नाही. तळ्याला पूर्ण फेरा घालायचा तर दोन-अडीच तास धरा. वहीसाठी झिपची प्लॅस्टिक पिशवी ठेवा.

चौथा दिवस : लानवाइर-इंग-न्होर्नवी

परतीचा दिवस, पण आधी बेटाच्या वायव्य टोकाला. सकाळी साउथ स्टॅकच्या दीपगृहापाशी थांबलो. १८०९ पासूनचं दीपगृह, खाली उतरायला सुमारे ४०० पायऱ्या. मी वरूनच पाहिलं. लाटा कड्यावर फुटतात तेव्हा पांढरा रंग नुसता उडत नाही, थापला जातो. सरांची समुद्राची चित्रं तशीच आहेत.

लानवाइर-इंग-न्होर्नवी हे गाव म्हणजे विखुरलेली शेतघरं आणि एक जुनं दगडी चर्च. सरांचे पणजोबा जेम्स विल्यम्स इथे धर्मगुरू होते. १८२३ मध्ये या किनाऱ्याजवळ 'अलर्ट' नावाची होडी बुडाली, सुमारे १४० माणसं गेली, आणि पणजी फ्रान्सिस यांनी ते काठावरून पाहिलं. मदतीला न्यायला होडीच नव्हती. नवरा-बायकोनं पाच वर्षं खटपट करून १८२८ मध्ये अँगलसीची जीवरक्षक संस्था उभी केली. फ्रान्सिस स्वतः चित्र काढत. राजा चौथा जॉर्ज होलीहेडला उतरला होता, त्यावरच्या आपल्या चित्राच्या छापील प्रती विकून त्यांनी या कामाला पैसा जमवला. पहिली जीवरक्षक होडी जवळच्याच केम्लिन खाडीत ठेवली. पुढे जेम्स स्वतः बुडत्यांना काढायला जात. हे मी लेकीला वाचून दाखवत होते आणि गाडी दोन बांधांमधल्या इतक्या अरुंद वाटेनं चालली होती की दोन्हीकडची झुडपं आरशांना घासत होती.

चर्चच्या आवारात आम्ही तिघं तीन दिशांना फिरलो. गवत ओलं, दगडांवर शेवाळ, अक्षरं वेल्श. सरांची कबर सापडेना. तेवढ्यात फाटकाबाहेर एक शेतकरी त्याच्या चार चाकी मोटरसायकलवरून चालला होता, मागे कुत्रा बसलेला. थांबला. चपटी टोपी, कमरेला सुतळी, अंगभर चिखल, वाऱ्याकडे पाठ करून किंचित वाकलेला. सरांच्या रेखाटनांत शेतकरी उभा असतो तसाच. मी त्याला विचारलं, "कफिन?" त्यानं हात खिशातून न काढता हनुवटी कोपऱ्याकडे वळवली. मी 'दिओल्ख' म्हटलं, म्हणजे आभार. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि वेल्शमध्ये काहीतरी लांबलचक बोलून निघून गेला. कुत्रा शेवटपर्यंत आमच्याकडे बघत होता.

१ सप्टेंबर २००६ ला, ८८ व्या वर्षी सर गेले. मी वाईहून आणलेली खडूची एक कांडी पर्समध्ये होती, शाळेच्या शेवटच्या दिवशी खिशात राहिलेली. ती तिथे ठेवावी असं घरून निघताना ठरवलं होतं. पण पाऊस होता, दोन मिनिटांत तिचा पांढरा चिखल झाला असता आणि दगड खराब झाला असता. म्हणून परत ठेवली. हात जोडले. लेकीनं माझ्यावर जॅकेट धरलं आणि मी चर्चची भिंत, मागचं शेत आणि तीन मेंढ्या काढल्या.

पुढच्या खेपेला अ‍ॅबरिस्टविथ करायचं आहे. तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सला त्यांनी मृत्युपत्रानं आपला मोठा संग्रह दिला. पॅटागोनियाची चित्रंही तिथेच आहेत. १८६५ मध्ये वेल्सहून अर्जेंटिनात गेलेल्या लोकांची वस्ती रंगवायला ते शिष्यवृत्तीवर तिकडे गेले होते, शाळेत नोकरीला असतानाच. त्या चित्रांत गुलाबी आणि पिवळा रंग आहे म्हणतात. तो मला बघायचाय.

निघताना समोरून ट्रॅक्टर आला आणि वळायला जागा नव्हती. जावयांनी तसाच, अर्धा मैल, गाडी उलटी घेतली. तेवढा वेळ समोरच्या काचेत ट्रॅक्टरच्या वर मनिद-अ-गार्न ही तिथली टेकडी दिसत होती, आणि वायपर दर वेळी तिची एक कड पुसून पुन्हा काढत होता.